बावीस पावलं

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,
हे मी एकोणीस वर्षं म्हणतेय
नाशिकच्या जुन्या सीबीएसवर, काचेच्या केबिनमध्ये,
माइकसमोर, दाराजवळ.
दार महत्त्वाचं.
त्याच्यासाठी मी बढती नाकारली.
केबिन ते संडास बावीस पावलं,
घाईत सतरा.

मोठ्या आतड्यात जखमा आहेत
हे स्टँडवर फक्त निकुंभांना ठाऊक.
मी उठले की काही न विचारता
ते माइक ओढून घ्यायचे
आणि कळवणच्या माणसांना
बिनदिक्कत पेठच्या फलाटावर पाठवायचे.
लोक मला शिव्या द्यायचे. मी आत बसून ऐकायचे.

मग आतडं काढलं.
पोटावर पिशवी आली,
आणि मी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेले,
सहा तास,
कुठल्याही हॉटेलवाल्याला केविलवाणं न हसता.
एक बगळा तासभर एका पायावर उभा होता.
मला वाटलं, झालं, संपलं एकदाचं.

खोकला त्याच संक्रांतीला आला.
निफाडची थंडी म्हणून सोडून दिला.
मग रोज सकाळी अर्धा पेला बेडका,
उतरलेल्या द्राक्षासारखा, पिवळट हिरवा.
जावेनं माझा कप वेगळा केला,
कानाला लाल दोरा बांधून.
थुंकी तीनदा तपासली. टीबी तीनदा नाही निघाला.
दोरा राहिला.

डॉक्टर सोनजेंनी औषधाच्या चिठ्ठीमागे एक नळी काढली.
आईच्या पोटात तुम्ही तांदळाएवढ्या होतात ना,
तेव्हा ही एकच होती, म्हणाले.
तिला बाजूला कोंब फुटला, त्याची फुप्फुसं झाली,
बाकीची अन्ननळी, जठर, आतडी.
आतडं गेलं, पण भांडण आतड्याचं नव्हतंच, बाई,
ते भावकीत सरकलं.
श्वासनळ्या सुजून रुंद झाल्यात.
सगळ्यांचंच होतं का असं?
फार थोड्यांचं.
माझंच का?
नीट ठाऊक नाही, म्हणाले,
आणि चश्मा पुसत बसले.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एक डॉक्टर मला आवडला.

परतताना रिक्षात त्र्यंबकचा डोंगर आठवला.
तिथलंच एक पाणी पूर्वेला जातं, गोदावरी,
एक पश्चिमेला, वैतरणा.
कुंभातल्या गर्दीला मी कितीदा गाड्या सांगितल्या तिथल्या,
पण हे कधी सुचलं नव्हतं:
फलाट एक, गाड्या दोन,
आणि बिघाड फलाटात.

फुंकणीच्या तपासणीला फिरदौस नावाची मुलगी होती.
नाकाला चिमटा लावून ओरडायची,
सोडा, सोडा, अजून, अजून, थांबू नका!
माझ्यापेक्षा खणखणीत आवाज.
महामंडळात घ्यायला हवी होती.
कागदावर रेघ चढली, आणि लवकर बसली.

आता सहा दहाच्या गाडीआधी दोन फवारे ओढते,
चूळ भरते,
माइक हाताने झाकून खोकून घेते.
निकुंभ निवृत्त झाले. नवा पोरगा मोबाइलमधून मान वर काढत नाही,
तेही बरंच आहे.

पूर्वी धुळ्याची गाडी मी एका दमात न्यायचे,
ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड, उमराणे, मालेगाव, धुळे.
आता दमाला वडाळीभोईला थांबा दिलाय.
तिथे माइक चालू राहतो
आणि सगळ्या स्टँडला माझा श्वास ऐकू येतो,
वाळूवरून सायकल नेल्यासारखा.

काल एक आजीबाई काचेवर टकटक करत होत्या.
मांडीला गाठोडं, दुसऱ्या हातात कोंबडी.
पुढं काय गं बाई, गाडी तिथवरच का?
मी बोट वर केलं. थांबा.
कोंबडीसुद्धा थांबली.
चांदवड, म्हटलं मी.
येतंय.